गच्चीवर घडलेले विमान

भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकत उत्तनच्या दिशेने निघाले की डोंगरी लागते. मिठागरांचा परिसर मागे पडून समुद्राची चाहूल लागते, ती याच वाटेवर. या किनारपट्टीवर डागडुजीसाठी वाळूवर ओढून घेतलेल्या होड्या नजरेस पडतात. होडीची मोठी फळी बदलायची असेल, तर एकट्या माणसाचे ते काम नव्हे. एकाने आतून आधार धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून ठोकायचे. काम कितपत नीट झाले, हे पाणीच सांगते. त्यामुळे पाण्याने सांगण्याआधी सोबत्याने सांगितलेले बरे, असा या कामाचा साधा व्यवहार आहे.

डोंगरीच्या दक्षिणेस गोराई आहे आणि गोराईच्या खाडीपलीकडे बोरिवली व कांदिवलीची दाट वस्ती सुरू होते. त्याच वस्तीतील चारकोप भागात, एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर, काही वर्षांपूर्वी चक्क सहा आसनांचे विमान आकाराला आले. ही गोष्ट महाराष्ट्रात बरीच गाजली. परंतु त्या कौतुकात एक प्रश्न मागे राहिला. घरात बांधलेल्या विमानावर जीव सोपवण्याइतका विश्वास कसा निर्माण होतो? आणि तो निर्माण करण्यासाठी बांधणाऱ्याच्या स्वतःच्या दोन हातांखेरीज आणखी किती हात लागतात?

चारकोपची गच्ची

कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. विमानोड्डाणाचे शिक्षण घेण्यासाठी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी मित्रांबरोबर मिळून एक जुने छोटे विमान विकत घेतले होते. लहान विमान ही काही राजेरजवाड्यांची मिरासदारी नव्हे; चार मित्रांनी पैसे एकत्र केले तर ते परवडू शकते आणि त्याची देखभालही शिकून घेता येते, ही गोष्ट तेथे त्यांच्या मनात रुजली. भारतात परतल्यावर १९९८ मध्ये त्यांनी स्वतःचे विमान बांधण्याचा पहिला प्रयत्न केला. तो सफल झाला नाही. दुसराही अपुरा राहिला. तिसऱ्या प्रयत्नासाठी त्यांनी राहत्या इमारतीची गच्ची निवडली.

त्या इमारतीत यादवांचे एकोणीस जणांचे एकत्र कुटुंब राहत होते. इमारतीला लिफ्ट नव्हती. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचे यंत्र अशी अवजड सामग्री वर नेणे हाच मोठा खटाटोप होता. वर गेल्यावर उन्हाळ्यात तापलेला पत्रा आणि पावसाळ्यात अखंड कोसळणारी सर. विमान पूर्ण झाल्यावर ते खाली कसे आणणार, असे लोक विचारत, तेव्हा त्या प्रश्नाला यादवांजवळही उत्तर नव्हते. वैमानिकाची नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात हे काम सुमारे सहा वर्षे चालले. पैसा उभा केला तो घरच्यांनीच.

फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला. त्यासाठी विमानाचे भाग सुटे करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवण्यात आले आणि प्रदर्शनस्थळी ते पुन्हा जोडण्यात आले. ‘टीएसी-००३’ असे त्याचे नाव. नावातला तीन हा आकडा आधीच्या दोन अपुऱ्या प्रयत्नांची आठवण करून देतो.

यादवांचे विमान हे किट विमान नव्हते, हे येथे स्पष्ट करायला हवे. आराखडा त्यांचा स्वतःचा होता आणि सांगाडाही त्यांनी गच्चीवरच घडवला. जगात घरी बांधली जाणारी बहुतेक विमाने मात्र किटच्या रूपाने येतात, आणि घरबांधणीचे हे शास्त्र समजून घ्यायचे तर त्या वाटेची ओळख असणे उपयोगाचे ठरते.

खोक्यांतून येणारे विमान

किट विमान म्हणजे कारखान्याने कापून, वाकवून, बऱ्याचदा छिद्रेही पाडून दिलेल्या सुट्या भागांचा संच. तो मोठ्या लाकडी खोक्यांतून घरी येतो. अनेक कंपन्या तो टप्प्याटप्प्यानेही विकतात: आधी शेपटी, मग पंख, मग धड आणि शेवटी इंजिन, पंखा, उपकरणे. शेपटी आधी घेण्यामागे व्यवहारी शहाणपण आहे. ती आकाराने लहान व खर्चाने हलकी असते. हात बसेपर्यंत ज्या चुका व्हायच्या, त्या शेपटीवर झाल्या तर नुकसान थोडे होते. शिवाय, हे काम आपल्याला झेपणार आहे का, याचे उत्तरही तेथेच मिळते.

अमेरिकेच्या हवाई नियमांत अशा विमानासाठी एक महत्त्वाची अट आहे. विमानाच्या घडणीचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी, शिकण्याच्या किंवा आनंदाच्या हेतूने स्वतः पूर्ण केलेला असावा लागतो. कारखान्यातून जवळजवळ तयार विमान आणायचे आणि दोन स्क्रू पिळून ते घरी बांधले असे म्हणायचे, ही पळवाट त्यामुळे बंद होते. याच देशात १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे घरगुती विमानबांधणी करणाऱ्यांची संघटना स्थापन केली. आरंभी तिचा कारभार त्यांच्या घराच्या तळघरातून चाले. आज त्याच राज्यातील ओशकोश गावी दर उन्हाळ्यात भरणाऱ्या तिच्या मेळाव्यास जगभरातून हजारो विमाने येतात.

भारतातही किटचा उद्योग अगदी अपरिचित नाही. बेंगळुरूच्या राज हंस अल्ट्रालाइट्स या कंपनीची ‘एक्स-एअर’ ही हलकी विमाने किटच्या स्वरूपात परदेशांतही गेली. आणि मूळचे केरळचे, इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात स्थायिक झालेले अभियंता अशोक थामराक्षन यांनी लॉकडाऊनच्या काळात ‘स्लिंग’ या दक्षिण आफ्रिकी बनावटीच्या चार आसनी विमानाचे किट मागवून ते बांधून काढले. सुट्या भागांवरची प्लास्टिकची आवरणे सोलण्यापासून त्यांच्या मुलींनी कामास हातभार लावला. ब्रिटिश विमानांची नोंदणी इंग्रजी ‘जी’ या अक्षराने सुरू होते. त्यापुढे त्यांनी धाकट्या मुलीचे नाव जोडले आणि विमान ‘जी-दिया’ झाले. २०२२ मध्ये हे कुटुंब त्यातून युरोपची सफर करून आले.

रिव्हेटच्या दोन बाजू

लग्नात उपरणे आणि शालू यांची गाठ मारली जाते, तशी विमानाच्या दोन पत्र्यांची गाठ रिव्हेट मारते. धातूच्या दोन आसनी विमानात अशा दहा हजारांहून अधिक गाठी असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांतील छिद्रे एकमेकांवर आणून त्यांत तात्पुरत्या स्प्रिंगच्या खिळ्या घालतात, म्हणजे पत्रे सरकत नाहीत. मग ते सुटे करून प्रत्येक छिद्राची खरखरीत कड घासून गुळगुळीत करतात. कारण पुढे वर्षानुवर्षांच्या कंपनांनी तडा जाण्याची सुरुवात अशा दुर्लक्षित कडेपासूनच होते. गंजरोधक रंगाचा हात देऊन पत्रे पुन्हा जुळवतात आणि त्यानंतर रिव्हेट ठोकायला घेतात.

खरी गंमत येथे आहे. रिव्हेटच्या डोक्यावर हवेच्या दाबावर चालणारी हातोडी टेकवलेली असते. पण नुसते ठोकून रिव्हेट बसत नाही. पत्र्याच्या पलीकडे, रिव्हेटच्या शेपटाशी, कोणीतरी गुळगुळीत पोलादी ठोकळा घट्ट दाबून धरावा लागतो. हातोडी आणि ठोकळा यांच्यामध्ये शेपूट चेपले जाते आणि पत्रे एकमेकांना कायमचे धरतात. जेथे हात पोहोचतो, तेथे एकट्यालाही हे साधते. पंखाच्या किंवा धडाच्या मोठ्या भागात मात्र ते शक्य होत नाही. एक जण बाहेर आणि दुसरा आत. मध्ये पत्रा, आणि दोघांना एकमेकांचा चेहराही दिसत नाही. म्हणूनच विमान बांधणारे मित्र ठरावीक शब्दांची भाषा तयार करतात. बाहेरच्याने ‘तयार?’ विचारायचे, आतल्याने ‘तयार’ म्हटल्याखेरीज घोडा दाबायचा नाही.

या जोडीत मोठेपणा कोणाचा? हातोडी ज्याच्या हाती, तो कारागीर आणि ठोकळा धरणारा मदतनीस, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात रिव्हेट नीट बसली की नाही, हे आतल्यालाच दिसते. चेपलेल्या शेपटाची रुंदी रिव्हेटच्या मूळ जाडीच्या साधारण दीडपट आणि उंची निम्मी भरली पाहिजे. शेपूट तिरके बसले, फार चेपले किंवा कमी चेपले, तर ते सांगण्याची जबाबदारी त्याची. बाहेरून पाहणाऱ्याला रिव्हेटचे डोके सुबकच दिसत असते. सायंकाळ झालेली आहे, दोघेही थकलेले आहेत, ओळीतल्या शेवटच्या चार रिव्हेटी उरल्या आहेत. अशा वेळी आतून ‘ही काढावी लागेल’ असे म्हणणे सोपे नसते आणि ते ऐकून घेणे त्याहून अवघड असते.

काढण्याचे कामही नाजूक. रिव्हेटच्या डोक्याच्या अगदी मध्यावर ड्रिल लावून डोके उडवायचे आणि उरलेला दांडा हलकेच बाहेर काढायचा. ड्रिल किंचित सरकले, तर छिद्र मोठे होते आणि मग त्यात जाड रिव्हेट बसवावी लागते. क्वचित सदोष रिव्हेट तशीच ठेवणे हेच कमी जोखमीचे ठरते. तेव्हा अनुभवी माणसाचा सल्ला घ्यावा लागतो. केव्हा काढायचे आणि केव्हा हात लावायचा नाही, हे तारतम्य किटच्या कोणत्याच खोक्यातून येत नाही. ते दोघांच्या बोलण्यातून, तिसऱ्या जाणकाराला विचारण्यातून येते. जो मित्र केवळ ‘छान, छान’ म्हणतो, त्याचा या कामात उपयोग नाही.

राइट बंधूंची जोडी

विमानाचा जन्मच मुळी जोडीने झालेल्या कामातून झाला. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांचे अमेरिकेतील डेटन शहरी सायकलींचे दुकान होते. आपल्या मतांवरून हे बंधू तासन्‌तास वाद घालत. त्यांच्या विमानाला पेलेल असे हलके इंजिन बाजारात मिळेना, तेव्हा दुकानातील यंत्रकारागीर चार्ली टेलर यांनी ते सुमारे सहा आठवड्यांत घडवले. १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिलने पहिले उड्डाण केले. ते १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. त्याच दिवशी चौथ्या उड्डाणात विल्बर ५९ सेकंद हवेत राहिला.

दोघांनी वडिलांना शब्द दिला होता की एकाच विमानात दोघे एकत्र बसणार नाहीत. अपघात झाला तर घराला दुहेरी दुःख नको आणि काम पुढे नेणारा एक तरी मागे राहावा, हा त्यामागचा विचार. हा शब्द त्यांनी एकदाच, वडिलांच्या संमतीने, २५ मे १९१० रोजी बाजूला ठेवला. त्याच दिवशी ऐंशी वर्षे ओलांडलेल्या वडिलांनाही ऑर्व्हिलने आकाशात फिरवून आणले. घरच्यांची भीती उडवून लावण्याऐवजी तिला नियमाचे रूप द्यावे, हा धडा आजच्या हौशी बांधकाम करणाऱ्यांनाही लागू पडतो.

वजन, कागद आणि पहिले उड्डाण

विमान पूर्ण बांधून झाले म्हणजे ते उडण्यास योग्य झाले, असे नव्हे. तिन्ही चाकांखाली तीन वजनकाटे ठेवून त्याचे वजन करतात आणि भार कोणत्या बिंदूवर तोलला जातो ते काढतात. हा बिंदू ठरलेल्या मर्यादेच्या मागे सरकला, तर विमानाचे नाक आवरणे वैमानिकाच्या हाती राहत नाही. नटबोल्ट योग्य ताकदीने आवळला की त्यावर रंगाची बारीक रेघ ओढतात. पुढे रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला हे लगेच कळते. बांधणीच्या प्रत्येक दिवसाची नोंद आणि छायाचित्रे ठेवली जातात. नंतर झाकल्या जाणाऱ्या भागांची तपासणी ते उघडे असतानाच जाणकाराकडून करून घेतात. ब्रिटनमध्ये अशी टप्प्याटप्प्याची तपासणी ठरलेलीच असते. अमेरिकेत अनुभवी स्वयंसेवक सल्ल्यासाठी घरी येतात आणि अंतिम तपासणी सरकारी निरीक्षक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी करतो. तेथे अशा विमानाच्या दाराशी ‘प्रायोगिक’ हा शब्द ठळक अक्षरांत रंगवावा लागतो, आणि हे विमान हौशी व्यक्तीने बांधलेले असून प्रचलित विमानांच्या सुरक्षानियमांत बसत नाही, अशी सूचना आत प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते.

ही सक्ती अनाठायी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरगुती विमानांच्या अपघातांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिनातील बिघाड आणि हवेत नियंत्रण सुटणे ही प्रमुख कारणे त्यात आढळली. विमानाची अगदी सुरुवातीची उड्डाणे आणि जुने घरगुती विमान विकत घेणाऱ्याची त्यातील पहिली उड्डाणे, हे दोन्ही काळ विशेष धोक्याचे दिसले. म्हणून चाचणीच्या तासांत प्रवासी नेण्यास मनाई असते. मात्र २०१४ पासून ठरावीक अटींवर पात्र असा दुसरा वैमानिक सोबत घेण्याची मुभा अमेरिकेने दिली. नव्या विमानात एकट्याने सगळे सांभाळण्यापेक्षा शेजारी जाणती नजर असणे अधिक सुरक्षित, हे नियमानेही मान्य केले.

भारतात मात्र ही वाट इतकी रुळलेली नव्हती. यादवांची विमाननोंदणीसाठीची खटपट २०११ पासून सुरू होती. मधल्या काळात नियम बदलले. राज्य आणि केंद्र सरकारच्या पातळीवर पाठपुरावा झाल्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये विमानाला ‘व्हीटी-एनएमडी’ हा नोंदणी क्रमांक मिळाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने पालघर जिल्ह्यात विमाननिर्मिती प्रकल्प उभारण्यासाठी त्यांच्या कंपनीशी सामंजस्य करार केला. ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना हाती आला, आणि २०२० मध्ये धुळे येथे चाचणी-उड्डाणांचा टप्पा पार पडला. गच्चीवर विमान घडायला लागली सुमारे सहा वर्षे, आणि कागद पूर्ण व्हायला लागली आठ.

या हिशेबातून कोणी असे समजू नये की परवान्याची गरजच नव्हती. दाट वस्तीवरून उडणाऱ्या यंत्राची तपासणी काटेकोरच हवी. विमान बांधणारा स्वतःचा जीव पणाला लावू शकतो, खालच्या घरांतील माणसांचा नव्हे. प्रश्न तपासणीचा नव्हता, तपासणीकडे नेणाऱ्या वाटेचा होता. परदेशी हौशी माणसाला पहिल्या दिवशीच ठाऊक असते की कोणत्या टप्प्यावर कोण येऊन काय पाहील. तशी वाट आखलेली नसेल, तर जिद्दीच्या माणसालाही काम पूर्ण केल्यानंतर दारोदार फिरावे लागते, आणि कमी जिद्दीचे शंभर जण सुरुवातच करीत नाहीत. आतून ठोकळा धरणाऱ्या मित्राचे काम समाजाच्या पातळीवर शासनाच्या निरीक्षकाने करायचे असते. त्याने प्रत्येक टप्प्यावर ठाम आधार द्यायचा आणि चुकले तर निःसंकोच सांगायचे. पण त्यासाठी त्याने ठोकळा घेऊन जागेवर हजर असले पाहिजे.

घराचा वाटा

अशा उद्योगाचा ताण सर्वाधिक पडतो तो घरावर. किट विमानाला सर्वसाधारणपणे दीड-दोन हजार तास लागतात. नोकरी करणाऱ्या माणसाने दर आठवड्याला दहा तास काढले, तरी ती तीन-चार वर्षांची बांधिलकी होते. रविवार जातात, सण अर्धवट साजरे होतात, बैठकीच्या खोलीत पंखाचा सांगाडा येऊन बसतो. अर्ध्यावर सोडून दिलेली किट विमाने जगभर विकायला येतात. पैसा संपला म्हणून जितकी, तितकीच उत्साह आणि घरातील सलोखा संपला म्हणूनही ती येत असावीत. म्हणूनच अनुभवी मंडळी नवख्याला सांगतात की पहिला पत्रा कापण्याआधी घरच्यांशी बोला, मित्राबरोबर भागीदारी असेल तर पैशाचा, वेळेचा आणि मालकीचा करार लेखी करा, आणि एकाला थांबावेसे वाटले तर काय करायचे, तेही आधीच ठरवा. मैत्री तुटून विमान पूर्ण झाले, तर त्या विमानाची किंमत फार मोठी पडली असे म्हणावे लागेल.

यादवांच्या गच्चीचे मोल या दृष्टीने पाहिले पाहिजे. एकोणीस माणसांच्या घराने आपली गच्ची वर्षानुवर्षे सोडली, हातोड्यांचा आवाज सोसला, पदरचा पैसा दिला आणि दोनदा अपयश आलेल्या माणसाला तिसऱ्यांदा उभे राहू दिले. आजकाल एकत्र कुटुंबाची चर्चा निघते ती बहुधा अडचणींची यादी करण्यासाठी. या घराने दाखवले की दहा जणांच्या मिळकतीचा आणि धीराचा आधार असला, तर एकाला फार मोठा धोका पत्करता येतो. सहा आसनी विमानानंतर त्याच गच्चीवर एकोणीस आसनी विमानाचे कामही हाती घेण्यात आले.

विमान बांधण्याची इच्छा असलेला मुलगा किंवा मुलगी प्रत्येक घरात असेल असे नाही. पण काहीतरी अवघड घडवू पाहणारे कोणी ना कोणी असतेच. कोणी गॅरेजमध्ये इंजिन उघडून बसलेले, कोणी माळ्यावर दुर्बिणीची भिंगे घासणारे. अशा व्यक्तीला कौतुकाचे चार शब्द सहज मिळतात. त्याहून गरज असते ती पलीकडच्या बाजूने घट्ट आधार धरणाऱ्याची, आणि रिव्हेट वाकडी बसली तर तेवढ्याच आपुलकीने ‘ही काढून पुन्हा मारू’ म्हणणाऱ्याची.